नवे नभोनाट्य, लेखिका आणि निर्मात्याचा कान

१

नभोनाट्याचा विचार करताना आपण सहसा त्याच्या उणिवांपासून आरंभ करतो. रंगमंच नाही, नेपथ्य नाही, नटाचा चेहरा नाही; तेव्हा शब्द, ध्वनी, संगीत आणि शांतता एवढ्यांवरच या वाङ्मयप्रकारास भागवावे लागते, असे सांगितले जाते. हे खरेच आहे. परंतु त्यातून निघणारा एक निष्कर्ष मात्र क्वचितच मांडला जातो. जो वाङ्मयप्रकार सर्वस्वी कानावर विसंबून असतो, त्यात क्रियापदाचा प्रत्यय, संबोधन, वाक्याच्या शेवटी येणारे ‘ना’ किंवा ‘हो’ अशा भाषेच्या बारीकसारीक घटकांना रंगमंचावर कधीच न लाभणारे महत्त्व प्राप्त होते. तेथे प्रेक्षकाने पात्र पाहिलेलेच असते. येथे श्रोता ते पात्र अशा घटकांवरूनच आपल्या मनात घडवीत असतो.

लेखिकांच्या नव्या नभोनाट्यांची निर्मिती, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या विषयाची चर्चा दोन अंगांनी होऊ शकते. लेखिकांची किती नाटके प्रक्षेपित होतात, हा एक प्रश्न; आणि जी होतात त्यांची निर्मिती कशी होते, हा दुसरा. पहिला प्रश्न न्यायाचा आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. परंतु तो सुटला म्हणजे दुसरा आपोआप सुटतो, असा जो समज दिसतो, तो बरोबर नाही. संहिता स्वीकारली जाऊनही लेखिकेचे नाटक स्टुडिओत हरवू शकते. तेथे ते कोणी हेतुपुरस्सर नाहीसे करीत नाही. निवेदक, शुद्ध भाषा आणि ठरलेला वेळ या तीन निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींच्या आहारी जाऊन ते नाहीसे होते. विषयाच्या नावीन्यापेक्षा निर्मात्याच्या भाषिक जाणिवेवर नव्या नभोनाट्याचे भवितव्य अधिक अवलंबून आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे. त्यासाठी प्रथम पाश्चात्त्य नभोनाट्यातील काही उदाहरणे पाहू आणि नंतर तीच कसोटी मराठीस लावून पाहू. आपल्याकडील नभोवाणीची घडण ब्रिटिश नमुन्यावर झालेली आहे. १९३५ मध्ये भारतातील प्रक्षेपणाचे पहिले नियंत्रक म्हणून आलेले लायनेल फील्डन हे बीबीसीतूनच आले होते. त्यामुळे ही तुलना उपरी ठरू नये.

२

१९६२ च्या ऑगस्टमध्ये बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्रॅम’वर सिल्व्हिया प्लाथ यांचे ‘थ्री विमेन’ हे तीन आवाजांसाठी लिहिलेले दीर्घ काव्य प्रक्षेपित झाले. निर्माते होते डग्लस क्लेव्हर्डन. डिलन टॉमस यांचे ‘अंडर मिल्क वूड’ १९५४ मध्ये श्रोत्यांपुढे आणणारे निर्माते ते हेच. प्रसूतिगृह आणि त्याचा परिसर हे या रचनेचे स्थळ. एक विवाहिता मुलाला जन्म देते. कचेरीत काम करणाऱ्या दुसरीचा गर्भपात होतो. तिसरी विद्यार्थिनी आहे, ती आपली नको असलेली मुलगी तेथेच ठेवून निघून जाते. तिघी आलटून पालटून बोलतात, परंतु एकीचे बोलणे दुसरीच्या कानी पडत नाही. रूढ अर्थाने येथे संवाद नाही, संघर्ष नाही, प्रवेश नाहीत. रंगमंचाच्या निकषांनी पाहू गेल्यास याला नाटक म्हणणेही कठीण आहे. असे असूनही कानाने ऐकता ते निःसंशय नाटक ठरते. कारण तिघींना एकत्र आणणारी अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे श्रोत्याचा कान. पात्रांना जे ठाऊक नाही ते श्रोत्याला ठाऊक असते, हे नाट्याचे जुने तत्त्व येथे केवळ आवाजांच्या मांडणीतून साधले आहे.

क्लेव्हर्डन यांचे श्रेय लक्षात घेण्याजोगे आहे. तीन स्वगतांना जोडणारा निवेदक त्यांनी बाहेरून आणून बसविला असता, तर रचना ‘स्पष्ट’ झाली असती, आणि संपलीही असती. निर्मितीतील सर्वांत मोठा निर्णय पुष्कळदा काय करावयाचे नाही हा असतो, हे त्यावरून दिसते.

दुसरे उदाहरण कॅरिल चर्चिल यांचे. रंगमंचावरील त्यांची ख्याती ‘क्लाउड नाइन’ (१९७९) आणि ‘टॉप गर्ल्स’ (१९८२) या नाटकांची. परंतु लंडनच्या रॉयल कोर्ट या नाट्यगृहात ‘ओनर्स’ हे त्यांचे नाटक १९७२ मध्ये आले, त्यापूर्वी दहा वर्षे त्या बीबीसीसाठी लिहीत होत्या. ‘द ॲन्ट्स’ १९६२ मध्ये, ‘लव्हसिक’ १९६७ मध्ये, ‘आयडेंटिकल ट्विन्स’ १९६८ मध्ये, ‘ॲबॉर्टिव्ह’ १९७१ मध्ये, ‘श्रेबर्स नर्व्हस इलनेस’ १९७२ मध्ये आणि ‘परफेक्ट हॅपिनेस’ १९७३ मध्ये, असा हा क्रम आहे. या काळात त्यांची मुले लहान होती. रंगमंचासाठी लिहिणाऱ्यास तालमींना, बैठकांना आणि प्रयोगांना द्यावा लागणारा वेळ नभोनाट्याच्या लेखिकेस द्यावा लागत नाही, ही व्यावहारिक बाजूही विसरून चालणार नाही.

या यादीतून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, एका लेखिकेला एकाच माध्यमात पुन्हा पुन्हा लिहिण्याची संधी मिळाली. पहिले नाटक गाजले की नाही, यावर दुसऱ्याचे भवितव्य टांगलेले नव्हते. दुसरी अशी की, यातील पुष्कळ नाटके ज्यांना आपण ‘स्त्रियांचे विषय’ म्हणतो त्यांत बसत नाहीत. ‘आयडेंटिकल ट्विन्स’ हे दोन जुळ्या भावांचे नाटक. दोघांच्या भूमिका केनेथ हेग या एकाच नटाने केल्या, आणि कित्येक ठिकाणी दोन्ही भाऊ एकाच वेळी बोलतात. ध्वनिमुद्रणाचे तंत्र येथे केवळ सोय म्हणून आलेले नाही. दोन आयुष्ये एकमेकांत अडकल्याचा आशय त्याच तंत्राने व्यक्त होतो. पुढे ‘टॉप गर्ल्स’मध्ये एकीचे वाक्य संपण्यापूर्वीच दुसरीचे सुरू होते, आणि ते नेमके कोठे सुरू व्हावे याची खूण संहितेत तिरप्या रेघेने केलेली असते. एकमेकांवर चढणाऱ्या बोलण्याची ही जाण लेखिकेच्या कानाला नभोनाट्यानेच लावली असावी, असे अनुमान करण्यास जागा आहे.

तिसरे उदाहरण जर्मन भाषेतील. इंगेबोर्ग बाखमान यांनी १९५१ ते १९५३ या काळात व्हिएन्ना येथील ‘रोट-वाइस-रोट’ या नभोवाणी केंद्रावर नोकरी केली आणि तेथील एका कौटुंबिक मालिकेसाठी भागही लिहिले. दर आठवड्याला श्रोत्यांच्या घरी जाणाऱ्या साध्या कुटुंबकथेचे हे काम कोणी वाङ्मय म्हणून गणले नसते. परंतु त्याच हाताने पुढे १९५८ मध्ये ‘डेर गुटे गॉट फॉन मॅनहॅटन’ हे नभोनाट्य लिहिले. यान आणि जेनिफर या दोन प्रेमिकांची कथा येथे एका न्यायालयीन चौकशीच्या चौकटीत येते. समाजाच्या सुव्यवस्थेला उत्कट प्रेम धोक्याचे वाटते म्हणून ते नष्ट करणारा एक ‘दयाळू देव’ तेथे आरोपी आहे. शेवटी जेनिफर स्फोटात मरते आणि यान वाचतो. या नाटकाला मिळालेले पारितोषिक १९५९ मध्ये प्रदान झाले. ते ठेवले होते युद्धात दृष्टी गमावलेल्यांच्या संघटनेने, आणि परीक्षकांत अशा व्यक्तींचा समावेश असे. नभोनाट्याचे परीक्षण ज्यांनी करावे, त्यांत यांच्याहून अधिकारी परीक्षक कोणते असू शकतील?

या तिन्ही उदाहरणांत लेखिकेची प्रतिभा मुळात होतीच. परंतु त्या प्रतिभेने श्राव्य रूप शोधले, ते निर्मात्याने किंवा संस्थेने तिला भाषेच्या पातळीवर मोकळीक दिली म्हणून. हे रूप मराठीत आणावयाचे झाल्यास काय घडते, हे आता पाहू.

३

इंग्रजीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत भेद नाही. मराठीत आहे, आणि त्यामुळे मराठी नभोनाट्यात पात्र तोंड उघडताच आपले लिंग घोषित करते, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती याहून अधिक गुंतागुंतीची, आणि नाटककाराच्या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. वर्तमानकाळात (‘येतो’, ‘येते’) आणि अकर्मक भूतकाळात (‘आलो’, ‘आले’) बोलणाऱ्याचे लिंग उघड होते. परंतु सकर्मक भूतकाळात, काही मोजकी क्रियापदे सोडल्यास, ते दिसत नाही. ‘मी पत्र लिहिलं’ हे वाक्य स्त्रीचे की पुरुषाचे हे व्याकरण सांगत नाही. क्रियापद कर्माशी जुळलेले असते. भविष्यकाळात (‘मी येईन’) ते नाही. अनुभव सांगणाऱ्या चतुर्थीच्या रचनेतही ते नाही; ‘मला भीती वाटते’, ‘मला जायचंय’, ‘मला आठवतं’ ही वाक्ये कोणाचीही असू शकतात. अनेकवचनी ‘आम्ही आलो’ यातही ते लोपते.

याचा अर्थ असा की, मराठी स्वगत लिंगाची जाणीव न देता बरेच दूरवर नेता येते, आणि हव्या त्या क्षणी एकाच प्रत्ययाने ती देता येते. चर्चिल यांच्या ‘श्रेबर्स नर्व्हस इलनेस’चा विचार करून पाहावा. आपण स्त्री होत आहोत, अशा भ्रमाने ग्रासलेल्या एका जर्मन न्यायाधीशाने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनावर हे नाटक आधारलेले आहे. इंग्रजीत हा बदल विधान करून सांगावा लागतो. मराठीत तो ‘मी बसतो’ आणि ‘मी बसते’ यांमधील एका स्वराने सांगता येईल, आणि तो स्वर नेमका कोठे बदलावा हा सबंध निर्मितीतील कळीचा निर्णय ठरेल. अनुवादकाने आणि निर्मात्याने तो जाणीवपूर्वक घेतला नाही, तर व्याकरण त्यांच्यासाठी तो परस्पर घेऊन टाकील.

‘थ्री विमेन’च्या बाबतीत मराठी याहूनही पुढे जाते. इंग्रजीत न जन्मलेल्या वा नुकत्या जन्मलेल्या मुलासाठी नपुंसकलिंगी सर्वनाम वापरता येते. परंतु नाम, विशेषण, क्रियापद यांपैकी कशावरही त्याची खूण उमटत नाही. मराठीत तीन लिंगे आहेत आणि ती वाक्यभर पसरतात. पहिलीच्या तोंडी ‘मुलगा झाला’ येईल, तिसरीच्या तोंडी ‘मुलगी झाली’. दुसरीच्या तोंडी मात्र ‘मूल’ एवढेच येऊ शकते, ‘ते गेलं’. तिच्या अपत्याला ‘तो’ किंवा ‘ती’ होण्यापुरताही अवधी मिळाला नाही, हे शोकाचे एकही विधान न करता मराठीचे नपुंसकलिंग सांगून जाते. पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग अशी तीन आवाजांची तीन व्याकरणे येथे आपोआप उभी राहतात. या रचनेचा मराठी प्रयोग करणाऱ्याला हे ऐकू आले नाही, तर त्याने बसविलेल्या पार्श्वसंगीताने ही उणीव भरून येणार नाही.

बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याविषयी मराठी क्रियापद अधिक सांगते, हेही येथे नमूद करावयास हवे. लुसिल फ्लेचर यांचे ‘सॉरी, राँग नंबर’ हे नभोनाट्य अमेरिकेत २५ मे १९४३ रोजी ‘सस्पेन्स’ या मालिकेत प्रक्षेपित झाले. अंथरुणाला खिळलेली एक स्त्री टेलिफोनच्या तारा गुंतल्यामुळे एका खुनाचा बेत ऐकते, आणि तो बेत आपल्याच जिवावर उठलेला आहे हे तिला उशिरा कळते. ॲग्नेस मूरहेड या नटीच्या आवाजावर जवळजवळ सर्व नाटक पेलले आहे. टेलिफोन हे नभोनाट्याचे अत्यंत स्वाभाविक साधन होय. कारण टेलिफोनवर बोलणाराही श्रोत्याप्रमाणेच समोरच्यास पाहू शकत नाही.

आता मराठीतील टेलिफोनवरचे एकाच बाजूचे बोलणे घेऊ. पुढील वाक्ये केवळ उदाहरणासाठी रचलेली आहेत. ‘हो, पोचलीस का? … बरं. … नाही, ते नाहीत घरी. … अगं, नाही म्हणतेय ना मी.’ पलीकडच्या व्यक्तीचा एकही शब्द आपण ऐकलेला नाही. तरीही ती स्त्री आहे, बोलणारीच्या बरोबरीची किंवा तिच्याहून लहान आहे, ‘ते’ हा बहुधा बोलणारीचा पती आहे, आणि पलीकडून त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा विचारणा होत आहे, एवढे सर्व आपणांस कळते. ‘पोचलीस’मधील प्रत्यय, ‘अगं’, नाव न घेता येणारे ‘ते’ आणि शेवटचा ‘ना’ यांनी हे काम केले आहे. याच जागी ‘पोचलात का?’ असे म्हटले, तर आदर येतो, परंतु पलीकडच्या व्यक्तीचे लिंग झाकले जाते. मराठीत ‘तुम्ही’ म्हणताच क्रियापद स्त्रीपुरुषभेद विसरते. सलगी लिंग उघड करते आणि आदर ते लपवितो, हा मराठी व्याकरणातील विशेष नाटककाराच्या हाती आपसूक आलेले साधन आहे.

या संदर्भात एक इशारा देणे अवश्य आहे. ‘ना’, ‘गं’, ‘बाई’, ‘म्हणे’ ही स्त्रियांच्या भाषेची लक्षणे आहेत आणि म्हणून लेखिकेच्या नाटकात ती असावयासच हवीत, असे येथे सुचवावयाचे नाही. ‘ना’ आणि ‘म्हणे’ पुरुषही सर्रास वापरतात. ‘स्त्रीची भाषा’ म्हणून एक ठरीव साचा तयार करणे हे लेखिकेचे नाटक गाळण्याइतकेच घातक आहे. म्हणणे एवढेच की, लेखिकेने विशिष्ट पात्राच्या तोंडी विशिष्ट रूप घातले असेल, तर त्याला कारण असू शकते, हे गृहीत धरून निर्मात्याने संहिता वाचावी.

४

हे गृहीतक स्टुडिओत कोठे मोडते, ते पाहू. प्रथम निवेदक. मराठी श्रुतिकेत निवेदकाची परंपरा जुनी आहे, आणि कादंबरीच्या रूपांतरात त्याचा उपयोगही असतो. परंतु नव्या संहितेत ‘श्रोत्यांना कळावे म्हणून’ त्याची भर घातली जाते, तेव्हा नाटकाचा मध्य सरकतो. जे पात्राने हळूहळू उघड करावयाचे ते एक तिऱ्हाईत, बहुधा भारदस्त आवाजाचा पुरुष, आधीच सांगून टाकतो. ज्या नाटकात एका स्त्रीला आपल्या आयुष्याविषयी निश्चित काही बोलता येत नाही हाच विषय असेल, तेथे तिच्याविषयी सर्व काही निश्चितपणे जाणणारा आवाज आणून बसविणे हे त्या नाटकाचे खंडन होय. बाखमान यांच्या नाटकात न्यायाधीशाचा अधिकारी आवाज आहे. परंतु तो लेखिकेने योजलेला आहे, आणि त्याच्या अधिकाराला नाटकातच हादरा बसतो. फरक आहे तो येथे.

दुसरी गोष्ट शुद्ध भाषेची. कोल्हापूरच्या बाजूस अनेक स्त्रिया स्वतःविषयी ‘मी येतो’, ‘मी जातो’ असे सहज बोलतात. मालवणीत ‘मी जातंय’ हे रूप स्त्रीपुरुष दोघांच्याही तोंडी असते. कोकणीत तरुण मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगात होतो. या बोलींत वाढलेल्या लेखिकेने तिथली आई किंवा मुलगी रंगविली, आणि तालमीत कोणी ‘मी येतो’चे ‘मी येते’ केले, तर ती सुधारणा ठरत नाही. पात्राचा गाव, घर आणि ओळख एका प्रत्ययासरशी पुसली जाते. गावरान पुरुष पात्राची बोली आपण विनोदासाठी आनंदाने राखतो. गंभीर स्त्री पात्राची बोली मात्र प्रमाण करून घेतो. या भेदामागील दृष्टी तपासून पाहण्यासारखी आहे.

तिसरी गोष्ट वेळेची. प्रक्षेपणाचा वेळ ठरलेला असतो आणि संहिता कापावी लागते, याविषयी तक्रार नाही. पहिल्या लेखनात शैथिल्य असते, आणि ते काढणे हे निर्मात्याचे कर्तव्यच आहे. परंतु कापताना प्रथम कात्री लागते ती विरामांना, पुनरुक्तीला आणि अर्धवट सोडलेल्या वाक्यांना. कारण त्यांतून ‘माहिती’ मिळत नाही. ‘मी त्यांना म्हटलं… जाऊ दे’ या वाक्यातील माहिती शून्य आहे. नाट्य मात्र सगळे तेथेच आहे. पुढे काय म्हटले ते सांगावयाचे नाही, आणि सांगावयाचे नाही हे मात्र कळू द्यावयाचे आहे. ‘जाऊ दे’ काढून टाकले, तर पाच सेकंद वाचतात आणि पात्र जाते. शैथिल्य कोणते आणि विराम कोणता, हे कागदावर ठरत नाही. संहिता मोठ्याने वाचल्यावरच ठरते, आणि तेही लेखिका समोर असताना. म्हणून तालमीला लेखिकेची उपस्थिती हा शिष्टाचाराचा भाग समजू नये. निर्मितीची ती आवश्यक अट आहे.

५

मराठी नभोवाणीत स्त्रिया नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. मुंबई केंद्राचे ‘वनिता मंडळ’ पिढ्यान् पिढ्या ऐकले गेले. ज्योत्स्ना देवधर यांनी पुणे केंद्रावर दीर्घकाळ काम केले. सई परांजपे यांच्या कारकिर्दीची सुरुवात त्याच केंद्रावर झाली. प्रश्न स्त्रियांच्या उपस्थितीचा नसून, त्या उपस्थितीला कोणता कप्पा नेमून दिला गेला याचा आहे. स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमाने पुष्कळ स्त्रियांना प्रथमच मायक्रोफोनसमोर आणले, ही त्याची थोर कामगिरी होय. परंतु तोच कार्यक्रम लेखिकेचे नैसर्गिक स्थान मानला गेला, की तिच्या नाटकाचा विषय, लांबी आणि सूर हे सारे आधीच ठरून जाते. चर्चिल यांना जुळ्या भावांविषयी किंवा भ्रमिष्ट न्यायाधीशाविषयी लिहिता आले, कारण त्यांचे नाटक नाटकाच्या वेळेत आणि नाटक म्हणूनच प्रक्षेपित होत होते.

बाखमान यांचे उदाहरण या कप्प्याचीच दुसरी बाजू दाखविते. कौटुंबिक मालिका लिहिणे हे कमी प्रतीचे काम नव्हे. ती संवादाची शाळा आहे. प्रश्न असा की, त्या शाळेतून बाहेर पडणारा रस्ता आहे काय? मालिकेचे भाग लिहिणाऱ्या लेखिकेला तिच्या स्वतःच्या नाटकासाठी केंद्राकडून पाचारण होते काय?

असे पाचारण काय घडवू शकते, याचे उदाहरण आपल्याच घरी आहे. १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रक्षेपित झाली. सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना केंद्रासाठी काही सलग लिहिण्याची गळ घातली, वर्षभराचा वेळ राखून ठेवला, आणि मग ती कृती जन्मास आली. ती आधी लिहून तयार होती व नंतर केंद्राने ती निवडली, असे नव्हे. माध्यमाने मागणी केली म्हणून लेखन झाले. लेखिकांकडून ‘संहिता येत नाहीत’, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी या उदाहरणाकडे लक्ष द्यावे. संहिता येण्याची वाट पाहणे निराळे आणि संहिता मागणे निराळे.

अनुवादाचाही येथे विचार करावयास हवा. आकाशवाणीच्या नाटकांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने एका भारतीय भाषेतील नाटक इतर भाषांत नेण्याची मोठी प्रथा पाडली. परंतु बंगाली क्रियापदात लिंगभेद मुळीच नाही, आणि तमिळ किंवा कन्नड भाषेतील प्रथमपुरुषी क्रियापदातही तो नाही, मराठीत आहे. म्हणजे बंगाली लेखिकेने मोघम ठेवलेला आवाज मराठीत येताच स्त्रीचा किंवा पुरुषाचा करावा लागतो, निदान तसे होऊ नये म्हणून वाक्यरचनेची कसरत करावी लागते. हे काम शब्दकोशाच्या आधारे होण्यासारखे नाही. भाषेचे अभ्यासक आणि नभोवाणीचे निर्माते यांनी एकत्र बसून करावयाचे ते काम आहे, आणि विद्यापीठातील भाषाविभागांनी त्यात आपला वाटा उचलावयास हवा. आपण बोलींची सर्वेक्षणे करतो, ध्वनिमुद्रणे जमवितो; ती कपाटांत राहतात. कोल्हापूरच्या किंवा मालवणच्या स्त्रीची भूमिका करणाऱ्या नटीला त्यांतील अर्धा तास ऐकविला, तर आपल्या संशोधनाचा त्याहून चांगला उपयोग कोणता?

६

नभोनाट्याचे दिवस सरले, असे आता वारंवार ऐकू येते. आकाशवाणीचा श्रोता पूर्वीप्रमाणे घरातील एका संचाभोवती बसत नाही, हे खरे. परंतु श्राव्य कथा आज मोबाइलवरून, कानात ध्वनियंत्र घालून, एकट्याने ऐकल्या जातात. श्रोता एकटा आणि आवाज अगदी जवळ, ही स्थिती सूक्ष्म प्रत्ययांच्या व विरामांच्या नाटकाला पूर्वीपेक्षा अनुकूलच म्हणावी लागेल. दिवाणखान्यातील गोंगाटात जो ‘ना’ बुडून जाई, तो आता स्पष्ट ऐकू येतो.

तेव्हा लेखिकांच्या नव्या नभोनाट्यांची निर्मिती करू इच्छिणाऱ्या कोणत्याही संस्थेपुढे, मग ती सरकारी असो वा खाजगी, चार गोष्टी ठेवाव्याशा वाटतात. संहिता मागून घ्यावी, आणि एका लेखिकेकडून एकच नव्हे तर क्रमाने अनेक घ्याव्या. विषय नेमून देऊ नये. संहितेची पहिली दुरुस्ती मोठ्याने वाचून, लेखिकेसमोर करावी. आणि प्रत्यय, संबोधन, बोलीरूप किंवा विराम बदलण्यापूर्वी, तो तेथे का आहे हे विचारावे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींना थोडा पैसा लागेल. उरलेल्या दोहोंना काहीच लागत नाही. लागतो तो केवळ कान. नव्या लेखिकेचे पहिले नाटक प्रक्षेपित झाल्यावर तिला ते आपलेच म्हणून ओळखता आले, तर दुसरे नाटक मागण्याची वेळ संस्थेवर बहुधा येणार नाही. ती ते स्वतःच घेऊन येईल.